फ्लॅग टॅग लावलेलं प्रोटीन एफपीने मोजायचं आहे? मग हे आधी वाचा

पेशींचे चाळीस-पन्नास क्लोन वाढवलेत, प्रत्येकाचं सुपरनेटंट, म्हणजे पेशींवरचं द्रव, गोळा केलंय आणि त्यातला कोणता क्लोन सर्वांत जास्त प्रोटीन देतो ते ठरवायचं आहे. वेस्टर्न ब्लॉटवरच्या पट्ट्यांची जाडी बघून हा निवाडा होत नाही. एलायझाने होतो, पण कोटिंग, ब्लॉकिंग आणि पुन्हा पुन्हा प्लेट धुणं यात अख्खा दिवस जातो. अशा कामाला फ्लुओरेसन्स पोलरायझेशन, लॅबच्या बोलीत एफपी, फार सोयीचं पडतं. सगळं प्लेटच्या एकाच वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, मिसळायचं, तासभर थांबायचं आणि प्लेट रीडरमध्ये ठेवायची. धुणं नाहीच.

इतकं सोपं दिसतं म्हणून नवखा माणूस यात हमखास फसतो. वेलमध्ये काहीही असो, रीडर आकडा देतोच, आणि तो आकडा दिसतोही अगदी खात्रीचा. म्हणून पहिल्यापासून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: एफपीला तुमचं प्रोटीन दिसतच नाही, त्याला कळतो तो फक्त टॅग, म्हणजे प्रोटीनला ओळखीसाठी जोडलेला छोटा तुकडा. तुटक्या प्रोटीनवरचा टॅग, सुटा पडलेला टॅग, कॉलममधून तुमच्याच हाताने मिसळला गेलेला टॅग, हे सगळे त्याच्या लेखी सारखेच. खाली सांगितलेल्या बहुतेक खबरदाऱ्या याच एका गोष्टीतून निघतात.

उदाहरण म्हणून फ्लॅग टॅग आणि एम२ अँटिबॉडी ही जोडी घेतली आहे. हिस टॅग, एचए किंवा मिक टॅग असेल तर सामान बदलेल, क्रम हाच राहील.

१. तत्त्व नीट समजून घ्या

फ्लॅग म्हणजे आठ अमिनो आम्लांचा पेप्टाइड, डीवायकेडीडीडीडीके. इम्युनेक्स या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी तो १९८८ साली मांडला. त्याला ओळखणारी एम२ ही मोनोक्लोनल अँटिबॉडी टॅग प्रोटीनच्या सुरुवातीला असो वा शेवटी, दोन्हीकडे धरते. एम१ तशी नाही. तिला टॅगचं सुरुवातीचं टोक मोकळं लागतं आणि कॅल्शियमही लागतं, म्हणून या कामाला एम२च घ्या.

आता फ्लुओरेसीन हा रंग जोडलेला फ्लॅग पेप्टाइड घ्या. हा तुमचा ट्रेसर. त्याच्यावर एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश टाकला की फ्लुओरेसीन सुमारे ४ नॅनोसेकंद उत्तेजित राहतं आणि मग स्वतःचा हिरवा प्रकाश सोडतं. मोकळा ट्रेसर जेमतेम दीड किलोडाल्टन वजनाचा. तेवढ्या वेळात तो गरगर फिरून जातो आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची दिशा विस्कटते. तोच ट्रेसर १५० किलोडाल्टनच्या अँटिबॉडीला चिकटलेला असेल तर त्याचं फिरणं मंदावतं आणि दिशा बऱ्यापैकी टिकते. रीडर समांतर आणि लंब अशा दोन दिशांतला प्रकाश मोजतो:

पी = (समांतर − जी × लंब) ÷ (समांतर + जी × लंब)

याला १००० ने गुणलं की मिलिपोलरायझेशन, म्हणजे एमपी. समांतर १२,००० आणि लंब ८,००० आले, जी १ धरला, तर ४,००० भागिले २०,००० म्हणजे ०.२, अर्थात २०० एमपी. जी म्हणजे काय ते चौथ्या पायरीत येईल.

यामागचं गणित फ्रान्सिस पेरँ यांनी १९२६ मध्ये मांडलं आणि ग्रेगोरियो वेबर यांनी १९५० च्या दशकात ते प्रोटीनच्या अभ्यासात आणलं. १९८० च्या दशकात रुग्णाच्या रक्तातलं औषधाचं प्रमाण मोजायला रुग्णालयांत अ‍ॅबटचं टीडीएक्स यंत्र आलं, तेही याच तत्त्वावर चालायचं. रक्तातलं औषध आणि रंग लावलेलं औषध, दोघंही त्याच अँटिबॉडीसाठी भांडायचे. तुम्ही करणार आहात तेही हेच.

ही स्पर्धा म्हणजे संगीत खुर्ची. अँटिबॉडीवरच्या जागा म्हणजे खुर्च्या, बसायला धावणारे दोघे: ट्रेसर आणि तुमचं टॅगवालं प्रोटीन. प्रोटीन जास्त असेल तितके ट्रेसर उभे राहतात आणि एमपी खाली येतो. म्हणजे कर्व्ह उलटा आहे, जास्त प्रोटीन तर कमी आकडा. पहिल्या प्लेटनंतर अनेक जण "माझ्या सर्वांत चांगल्या क्लोनचं रीडिंग सर्वांत कमी का?" असं विचारत येतात, ते यामुळेच.

तुमच्या प्रोटीनला रंग लावलेला नसतो, त्यामुळे ते २० किलोडाल्टनचं आहे की २०० चं याने काही बिघडत नाही.

२. ही पद्धत तुमच्या उपयोगाची आहे का?

सामान मागवण्याआधी एक हिशोब करा. वेलमध्ये अँटिबॉडी साधारण १० नॅनोमोलर (लिटरमागे किती रेणू ते सांगणारं एकक) असते. त्याहून खूपच कमी प्रोटीन असेल तर ते ट्रेसरला फारसं हलवू शकत नाही. ५० किलोडाल्टनच्या प्रोटीनचे १० नॅनोमोलर म्हणजे मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. तुमचं प्रोटीन मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅम किंवा जास्त असण्याची शक्यता असेल तर एफपी घ्या. काही नॅनोग्रॅमच असेल तर वेळ घालवू नका, एलायझाच करा.

आणखी एक अडचण. प्रोटीन जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनला जोडलेलं असेल तर हिरवा ट्रेसर चालणार नाही, कारण जीएफपीही त्याच खिडकीत चमकतं. मग टॅम्रासारखा लाल रंगाचा ट्रेसर आणि त्याला जुळणारे फिल्टर शोधावे लागतील.

३. सामान आणि कागद

- फ्लुओरेसीन जोडलेला फ्लॅग पेप्टाइड, शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर
- साधा, रंग नसलेला फ्लॅग पेप्टाइड
- एम२ अँटिबॉडी, शुद्ध केलेली, शक्यतो बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) न मिसळलेली
- स्टँडर्ड म्हणून ज्ञात प्रमाणातलं फ्लॅगवालं प्रोटीन
- काळी, ३८४ वेलची, कमी व्हॉल्यूमची, प्रोटीन न चिकटणाऱ्या पृष्ठभागाची प्लेट
- पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर), ट्वीन-२० (सौम्य डिटर्जंट), बोवाइन गॅमा ग्लोब्युलिन
- लो-बाइंड ट्यूब, प्लेट सील, अ‍ॅल्युमिनियम फॉइल
- मल्टिचॅनल पिपेट, प्लेट फिरवता येईल असा सेंट्रिफ्यूज
- पोलरायझेशन मोजणारा प्लेट रीडर

अ‍ॅसे बफर असा बनवा: पीबीएस, पीएच ७.४, त्यात ०.०१ टक्के ट्वीन-२० आणि मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम गॅमा ग्लोब्युलिन. बीएसए स्वस्त असतं आणि फ्रीजमध्ये असतंच, म्हणून तेच घालायचा मोह होतो. टाळा. अल्ब्युमिन अनेक रंगांना स्वतःच धरून ठेवतं आणि मोकळ्या ट्रेसरचं रीडिंग वर चढवतं. ट्वीन मात्र वगळू नका. नॅनोमोलर प्रमाणातला ट्रेसर प्लास्टिकला चिकटून बसतो आणि वेलमध्ये उरतच नाही.

कागदांमध्ये पेप्टाइडचं विश्लेषण प्रमाणपत्र, अँटिबॉडीचा लॉट क्रमांक आणि रीडरच्या फिल्टरचा तपशील हवा. पेप्टाइडच्या प्रमाणपत्रात "नेट पेप्टाइड कंटेंट" हा आकडा शोधा. शुद्धता ९८ टक्के लिहिलेली असली तरी पावडरीच्या वजनात मीठ आणि पाणी असतं, खरा पेप्टाइड त्याहून बराच कमी. शुद्धता आणि नेट कंटेंट या वेगळ्या गोष्टी आहेत. वजनावरून कॉन्सन्ट्रेशन काढाल तर सगळा हिशोब पहिल्याच ट्यूबमध्ये चुकेल.

खर्चाची धास्ती घेऊ नका. २० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये १० नॅनोमोलर अँटिबॉडी म्हणजे फक्त ३० नॅनोग्रॅम. ३८४ वेलची पूर्ण प्लेट बारा मायक्रोग्रॅमच्या आत होते.

४. रीडरमध्ये खरंच पोलरायझेशन आहे का ते बघा

यंत्रावर "मल्टिमोड" लिहिलंय म्हणजे एफपी आहेच असं नाही. पोलरायझरचे फिल्टर बऱ्याचदा वेगळे विकत घ्यावे लागतात. सेंट्रल फॅसिलिटीत वेळ बुक करण्याआधी ऑपरेटरला थेट विचारा: उत्तेजनासाठी ४८५ नॅनोमीटरच्या आसपास, उत्सर्जनासाठी ५३० च्या आसपास, आणि दोन्ही बाजूंना पोलरायझर आहेत का?

असतील तर जी फॅक्टर लावा. यंत्र दोन दिशांचा प्रकाश अगदी समान कार्यक्षमतेने पकडत नाही, ती तफावत जी भरून काढतो. १ नॅनोमोलर साधं फ्लुओरेसीन थोड्या अल्कधर्मी बफरमध्ये घ्या, बफरचं ब्लँक, म्हणजे नुसत्या बफरचं रीडिंग, वजा करा आणि रीडिंग २७ एमपी येईल असा जी ठेवा. २७ हा सर्वमान्य संकेत आहे. अल्कधर्मी बफर एवढ्यासाठी की फ्लुओरेसीनचा पीकेए ६.४ च्या आसपास असतो आणि पीएच खाली गेला की त्याची चमक झपाट्याने कमी होते. तुमचं सॅम्पल आम्लीय बफरमध्ये असेल तर हीच गोष्ट तिथेही लागू.

५. ट्रेसर तयार करा

ट्रेसर विकत घेताना रंग कुठे जोडलाय ते विचारा. सुरुवातीच्या टोकाला, संश्लेषणाच्या वेळीच जोडलेला हवा. स्वस्तात पडेल म्हणून साधा पेप्टाइड घेऊन त्याला लॅबमध्ये रंग लावायला जाऊ नका. फ्लॅगमधल्या लायसिनलाही रंग लागतो, आणि एम२ टॅगला ओळखते त्यात त्या लायसिनचा मोठा वाटा आहे. चमकणारा पण अँटिबॉडीला ओळखीचा नसलेला ट्रेसर कुणाच्याच कामाचा नाही. रंग आणि पेप्टाइड यांच्यातला दुवाही फार लांब नको. लांब असला की अँटिबॉडीला बांधलेल्या पेप्टाइडवरही रंग स्वतःच्या मर्जीने फिरत राहतो आणि वरचा आकडा हवा तितका वर जात नाही.

कॉन्सन्ट्रेशन शोषणावरून काढा. पीएच ९ च्या बफरमध्ये ४९४ नॅनोमीटरला शोषण मोजा, फ्लुओरेसीनचा गुणांक सुमारे ७५,००० धरा. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.१५ आलं तर ट्रेसर २ मायक्रोमोलर आहे. साध्या पेप्टाइडला रंग नाही, पण एक टायरोसिन आहे. त्याचं शोषण २८० ला मोजा, गुणांक १,४९०.

१० मायक्रोमोलरचे छोटे अ‍ॅलिकॉट करून फॉइलमध्ये गुंडाळा आणि उणे २० ला ठेवा. नॅनोमोलर सोल्यूशन रोज ताजं बनवा. रात्रभर ठेवलेलं उरलंसुरलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही.

मग एकट्या ट्रेसरची मालिका लावा: ०.५, १, २, ५, १० नॅनोमोलर. प्रकाशाची एकूण तीव्रता बफरच्या ब्लँकच्या किमान दहापट असेल आणि एमपी स्थिर राहील असं सर्वांत कमी प्रमाण निवडा. बहुतेक यंत्रांवर १ ते ५ च्या मध्ये कुठेतरी जमतं. पुढे मी २ नॅनोमोलर धरून चालतोय.

६. अँटिबॉडी किती घालायची?

सगळ्या अ‍ॅसेचं भवितव्य या पायरीवर ठरतं, आणि घाईत हीच वगळली जाते. दुसऱ्या कुणाच्या वहीतला आकडा उचलू नका. लॉट बदलला की ही पायरी पुन्हा.

ट्रेसर २ नॅनोमोलर कायम ठेवा. अँटिबॉडी २०० नॅनोमोलरपासून निम्मी निम्मी करत बारा टप्पे लावा, प्रत्येकी तीन वेल. शेवटचा टप्पा ०.१ नॅनोमोलरच्या जवळ येतो. १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अँटिबॉडी म्हणजे सुमारे ६.७ मायक्रोमोलर, हे गणितासाठी लक्षात असू द्या. प्रत्येक अँटिबॉडीवर दोन जागा असतात हेही.

आलेख काढला की खाली एक सपाट भाग, मग चढ, मग वर दुसरा सपाट भाग दिसेल. मोकळा ट्रेसर साधारण ४० ते ६० एमपी आणि बांधलेला २०० च्या आसपास असेल तर छान. दोन्हींत १०० चंही अंतर पडत नसेल तर पुढे जाऊ नका, ट्रेसर किंवा अँटिबॉडीत दोष आहे.

आता या चढावर, पूर्ण अंतराच्या ७० ते ८० टक्क्यांवर जी अँटिबॉडी लागते ती निवडा. वरच्या सपाट भागातली घ्यावी असं सगळ्यांना वाटतं, कारण तिथे सिग्नल सर्वांत मोठा असतो. पण तिथे खुर्च्या शिल्लक असतात. तुमचं प्रोटीन येऊन निवांत रिकाम्या खुर्चीवर बसतं, ट्रेसरला उठावंच लागत नाही, आणि कमी प्रमाणातली सॅम्पल सगळी शून्यासारखी दिसतात. थोडा सिग्नल सोडला तर संवेदनशीलता मिळते. हा सौदा दर वेळी करण्यासारखा आहे.

७. स्टँडर्ड कर्व्ह

स्टँडर्ड कोणता घेता यावर उत्तराचा खरेपणा अवलंबून आहे. सर्वांत चांगला स्टँडर्ड म्हणजे तुमचंच प्रोटीन, एकदा नीट शुद्ध करून शोषणावरून मोजलेलं. ते नसेल तर फ्लॅग लावलेलं बॅक्टेरियल अल्कलाइन फॉस्फटेज विकत मिळतं, सुमारे ५० किलोडाल्टनचं, आणि टॅग सुरुवातीला किंवा शेवटी असे दोन्ही प्रकार मिळतात. तुमच्या प्रोटीनवर टॅग ज्या टोकाला आहे तोच प्रकार घ्या.

३एक्स फ्लॅग वापरत असाल तर साध्या फ्लॅगचा स्टँडर्ड चालणार नाही. तिथे तीन टॅग ओळीने आहेत आणि एम२ त्याला जास्त घट्ट धरते, कर्व्ह डावीकडे सरकतो. तुम्हाला प्रोटीन आहे त्याहून कितीतरी जास्त दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल. प्रोटीन डायमर होत असेल तरी सावध, एका कणावर दोन टॅग आले.

मालिका अशी: १००० नॅनोमोलरपासून निम्मी करत अकरा टप्पे, म्हणजे शेवटचा १ च्या जरा खाली, आणि बारावा शून्य. हे डायल्यूशन अ‍ॅसे बफरमध्ये करू नका. टॅग नसलेल्या पेशींचं लायसेट (पेशी फोडून मिळालेला रस) किंवा सुपरनेटंट घ्या आणि सॅम्पल जितकं पातळ करणार तितकंच ते पातळ करून त्यात करा. कर्व्ह स्वच्छ बफरमध्ये आणि सॅम्पल पेशींच्या रसात, अशी तुलना चालत नाही.

८. सॅम्पल: बहुतेक घोटाळे इथलेच

लायसेट असेल तर किमान १०,००० जी ला (हा जी फॅक्टर नव्हे, गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला वेग) दहा मिनिटं स्पिन करा आणि वरचं स्वच्छ द्रव घ्या. गढूळपणा राहिला तर कणांवरून विखुरलेला ध्रुवित प्रकाश रीडरपर्यंत पोचतो, एमपी वर जातो आणि असलेलं प्रोटीन झाकलं जातं.

पेशींची स्वतःची चमक याच्या उलट वागते. ई. कोलायच्या लायसेटमधली फ्लेविन द्रव्यं हिरव्या भागात चमकतात. मघाचंच उदाहरण घ्या: समांतर १२,०००, लंब ८,०००, म्हणजे २०० एमपी. लायसेटने दोन्हींत २,००० ची भर घातली तर १४,००० आणि १०,०००. आता ४,००० भागिले २४,००० म्हणजे १६७ एमपी. एक रेणूही प्रोटीन नसताना ३३ एमपी खाली, जणू टॅगच सापडला! म्हणून प्रत्येक सॅम्पलचं ट्रेसर न घातलेलं ब्लँक लावा आणि ते समांतर आणि लंब दोन्हींतून वेगवेगळं वजा करा. एमपीतून एमपी वजा करायचा नाही, त्याला काही अर्थ नाही.

बफरबद्दल: डीटीटी आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल अँटिबॉडीचे डायसल्फाइड बंध तोडतात, ते नकोत. रिपा बफरमध्ये एसडीएस असतं, तेही नको. ट्रायटन एक्स-१०० वेलमध्ये ०.१ टक्क्यापर्यंत चालवून घेता येतं, पण ते स्टँडर्डमध्येही तितकंच हवं. ग्लिसरॉल द्रव घट्ट करतं, मोकळा ट्रेसरही हळू फिरतो आणि एमपी वाढतो. १० टक्के ग्लिसरॉलमधलं सॅम्पल आणि बिनग्लिसरॉलचा स्टँडर्ड अशी जोडी लावू नका. फिनॉल रेडवालं माध्यम असेल तर निदान दहापट पातळ करा. ईडीटीएची एम२ ला अडचण नाही. हिस टॅगसाठी निकेलवर आधारलेला प्रकार करणाऱ्यांनी मात्र त्याला हातही लावू नये, ते निकेलच पळवतं.

प्रोटिएज इन्हिबिटर घालायला विसरू नका. प्रोटीन तुटलं तरी टॅगचा तुकडा वेलमध्ये उरतो आणि मोजला जातो. सगळं प्रोटीन कापलं गेलंय आणि एफपी म्हणतोय उत्तम उत्पादन, असं होऊ शकतं. म्हणून निवडलेल्या दोन-तीन सॅम्पलचा वेस्टर्न शेवटी कराच, पट्टी योग्य आकाराला आहे का ते बघायला. उलट बाजूही आहे. टॅग प्रोटीनच्या घडीत दडलेला असेल तर प्रोटीन असूनही दिसणार नाही.

सगळ्यांत वाईट सापळा फ्लॅग कॉलमनंतरचा. एम२ रेझिनवरून प्रोटीन सोडवायला आपण मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास फ्लॅग पेप्टाइड घालतो. त्याचं वजन १ किलोडाल्टन, म्हणजे ते झाले १०० मायक्रोमोलर! अ‍ॅसेमध्ये ट्रेसर २ नॅनोमोलर. असं फ्रॅक्शन थेट वेलमध्ये घातलं तर सगळ्या खुर्च्या त्या मोकळ्या पेप्टाइडच्या आणि प्रत्येक फ्रॅक्शन अप्रतिम दिसणार. डीसॉल्टिंग कॉलमने पेप्टाइड काढा, तरी संशय राहिला तर दुसऱ्यांदा काढा. खरं तर अशा फ्रॅक्शनसाठी २८० चं शोषण आणि जेल पुरेसं असतं, एफपी कशाला?

९. प्लेट लावणे

१. प्रत्येक वेलमध्ये १० मायक्रोलिटर सॅम्पल किंवा स्टँडर्ड.
२. ५ मायक्रोलिटर ट्रेसर, ८ नॅनोमोलरचा. एकूण २० मध्ये तो २ होतो.
३. ५ मायक्रोलिटर अँटिबॉडी, निवडलेल्या प्रमाणाच्या चौपट. ही शेवटी, म्हणजे दोघांची शर्यत एकदम सुरू होते.
४. सील लावा, १००० आरपीएमला मिनिटभर फिरवा. बुडबुडा राहिला तर ते वेल वाया.
५. फॉइलखाली, खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं.
६. सील काढून वाचा. पुन्हा सील लावा, ६० आणि ९० मिनिटांना परत वाचा. शेवटची दोन रीडिंग जुळली की समतोल आला.

प्रत्येक प्लेटवर ही वेल हवीतच, तीन-तीन: नुसतं बफर; नुसता ट्रेसर; ट्रेसर आणि अँटिबॉडी; ट्रेसर, अँटिबॉडी आणि १० मायक्रोमोलर साधा पेप्टाइड; टॅग नसलेलं लायसेट, ट्रेसर आणि अँटिबॉडी; आणि सॅम्पलसह ट्रेसर, अँटिबॉडी न घालता. शेवटचं वेल बघून कळतं की सॅम्पल एकट्या ट्रेसरलाच धरतंय का. सीरम असलेल्या माध्यमात हे बऱ्याचदा घडतं.

कडेची वेल रिकामी सोडता आली तर सोडा, किंवा त्यात नुसतं बफर भरा. २० मायक्रोलिटर एसीच्या वाऱ्यात बघता बघता उडतं.

१०. हिशोबाआधी आकड्यांची झडती

एमपीकडे बघण्याआधी एकूण तीव्रता काढा: समांतर अधिक दोन वेळा जी गुणिले लंब. ट्रेसर सगळीकडे सारखा घातलाय, तेव्हा ही तीव्रताही जवळपास सारखी हवी. एखादं वेल शेजाऱ्यांपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त हललं असेल तर तिथे पिपेटिंग चुकलंय, सॅम्पल चमकतंय किंवा प्रकाश शोषला जातोय. त्याचा एमपी हिशोबात धरू नका.

मग झेड-प्राइम, म्हणजे प्लेट भरवशाची आहे का ते सांगणारा आकडा, काढा. बांधलेल्या आणि मोकळ्या कंट्रोलच्या प्रमाणित विचलनांची बेरीज तिप्पट करा, दोघांच्या सरासरीतल्या फरकाने भागा, आणि १ मधून वजा करा. सरासरी २२० आणि ५०, विचलन दोन्हीकडे ४, तर १ वजा २४ भागिले १७०, म्हणजे ०.८६. ०.५ च्या वर असेल तर प्लेट ठेवा.

साधा पेप्टाइड घातलेलं वेल मोकळ्या ट्रेसरइतकं खाली आलं पाहिजे. आलं नाही तर ट्रेसर अँटिबॉडीच्या टॅग ओळखणाऱ्या जागेशिवाय आणखी कशाला तरी चिकटतोय.

११. उत्तर काढणे

स्टँडर्डच्या आकड्यांवर चार घटकांचा लॉजिस्टिक कर्व्ह बसवा. सरळ रेषा नको, मधला भाग कितीही सरळ दिसला तरी. कर्व्ह जिथे उतरता आहे तेवढ्याच पट्ट्यातली सॅम्पल वाचा, सपाट टोकांवर पडलेली पातळ किंवा घट्ट करून पुन्हा लावा.

स्टँडर्डला लेबल लावताना वेलमध्ये घालण्याआधीचं कॉन्सन्ट्रेशन लिहा, सॅम्पललाही तोच नियम. एकीकडे आधीचं आणि दुसरीकडे वेलमधलं धरलं की उत्तर बरोबर दुप्पट किंवा निम्मं येतं, आणि दुप्पट आलेलं उत्तर कुणी तपासत नाही.

समजा वीसपट पातळ केलेल्या सॅम्पलचं उत्तर ४२ नॅनोमोलर आलं. मूळ सॅम्पल ८४० नॅनोमोलर. प्रोटीन ५० किलोडाल्टनचं असेल तर मिलिलिटरला ४२ मायक्रोग्रॅम. वेगवेगळ्या वजनाच्या प्रोटीनची तुलना करताना मोलरच ठेवा, मायक्रोग्रॅममध्ये जड प्रोटीन उगाच पुढे दिसतं.

प्रत्येक सॅम्पल तीन वेगवेगळ्या डायल्यूशनला लावा. दहा, वीस आणि चाळीसपट पातळ केलेल्यांवरून मूळ उत्तर सारखंच यायला हवं. ते चढत किंवा उतरत जात असेल तर सॅम्पलमधलं काहीतरी ढवळाढवळ करतंय आणि त्यातलं एकही उत्तर लिहिण्याजोगं नाही. शिवाय एका सॅम्पलमध्ये माहीत असलेलं स्टँडर्ड मिसळून बघा. घातलं त्याच्या ८० ते १२० टक्के परत मिळालं तर ठीक.

वहीत अँटिबॉडीचा लॉट, ट्रेसरचा लॉट, जी, फिल्टर, तापमान, किती मिनिटांनी वाचलं, आणि समांतर व लंब दोन्हींचे कच्चे आकडे लिहून ठेवा. बरीच सॉफ्टवेअर फक्त एमपी निर्यात करतात. कच्चे आकडे वेगळे मागून घ्या, नाहीतर ब्लँक नंतर वजा करता येणार नाही आणि संशय आला तर सगळी प्लेट पुन्हा लावावी लागेल.